वयात आलेल्या मुलाच्या भावनांचा भडका: सीबीटी की डीबीटी?

नाशकात कॉलेज रोड, गंगापूर रोडला समुपदेशनाच्या पाट्या दिसतात. आत कोणती पद्धत वापरतात, हे मात्र आपणच विचारावं लागतं.

सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी उपचारपद्धत) विचारांपासून सुरू होते. ‘मैत्रिणीने मेसेजला उत्तर दिलं नाही, म्हणजे मी तिला नकोच’ हे वहीत लिहायचं, मग त्याला पुरावा काय ते तपासायचं. चिंता, उदासी यांवर चांगली.

पण मूल दार आपटून स्वतःला इजा करायला निघालं, तर त्या क्षणी वही कोण उघडणार? तिथे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांची डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे तीव्र भावना सांभाळायला शिकवणारी पद्धत) मला उजवी वाटते. ती आधी शरीर शांत करायला शिकवते: गार पाण्यात चेहरा बुडवणं (हृदयाचा त्रास असल्यास डॉक्टरांना विचारूनच), श्वास सावकाश सोडणं. मग भावना ओळखणं, न भांडता मागणं. वैयक्तिक सत्रांसोबत ही कौशल्यं एकत्र शिकायचा गट असतो, आणि किशोरांच्या डीबीटीत पालकही शिकतात. हे फार मोलाचं आहे. घरात आपणच आवाज चढवला तर पोराने एकट्याने किती सावरायचं?

म्हणून ‘डीबीटी करतो’ एवढ्यावर जाऊ नका. गट आहे का, आईवडिलांना बसवता का, विचारा. इथे गट नसेल तर पुण्या-मुंबईचा ऑनलाइन शोधा. जिवाची भीती वाटली तर मात्र अपॉइंटमेंटची वाट नको: जवळचं रुग्णालय गाठा; टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास बोलता येतं.