पंधरा हजारातला नवा फोन, थोडे दिवस वापरून झाल्यावर

जुना फोन फारच हँग व्हायला लागला म्हणून हा घेतला, आता दोनेक आठवडे झालेत तर लिहायला हरकत नाही. बॅटरी एक नंबर. ५००० एमएएच आहे, सकाळी फुल करून निघालं की रात्रीपर्यंत चार्जर आठवत नाही, फक्त ५जी ची रेंज धड नसते तिथे भसाभस उतरते, मग मी सरळ ४जी वर टाकून ठेवतो. १२० हर्ट्झ स्क्रीन पण मक्खन.

कॅमेऱ्याचं मात्र जरा ऐका. ५० मेगापिक्सेलचा गाजावाजा आहे, पण नेहमीच्या मोडमध्ये चार पिक्सेलचा एक करून फोटो निघतो साडेबाराचाच. ठीके, उजेडात झकास येतात. पण रात्री आरतीला काढले तर निरांजनाची ज्योत म्हणजे नुसता पांढरा ठिपका आणि आईच्या तोंडाला पावडर फासल्यासारखी, बघतो तर ब्युटी फिल्टर आधीपासूनच चालू, कोणी सांगितलं होतं राव?

सगळ्यात डोकं फिरवतात ती आधीच भरून दिलेली अ‍ॅप्स, रमी खेळा, लोन घ्या, दिवसभर टुंग टुंग. निम्मी काढली, काही निघतच नाहीत, ती सेटिंगमध्ये जाऊन डिसेबल केली तेव्हा कुठे शांतता.

आणि हो, सिमचा ट्रे हायब्रिड आहे, म्हणजे दोन सिम टाकली की मेमरी कार्ड विसरा, त्यामुळे १२८ जीबीवाला घेऊ नका, थोडे जास्त गेले तरी २५६ च घ्या.