सीलबंद खोके, वापरलेला प्रोसेसर

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानातून मी इंटेलचा कोअर आय-९ १४९००के हा प्रोसेसर नवा म्हणून पूर्ण किमतीला घेतला. खोके अस्सल होते आणि मॉडेलही तेच होते, परंतु आतली चिप आधी कोणीतरी वापरून काढलेली होती. बनावट प्रोसेसर ओळखण्याचे नेहमीचे उपाय अशा फसवणुकीत फारसे कामी येत नाहीत, म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

मी कोल्हापुरात व्हिडिओ एडिटिंगचे काम करतो आणि त्याच संगणकावर गेम खेळतो. फक्त गेमसाठी घ्यायचे असते, तर ९६ एमबी एल-३ कॅश (चिपवरचीच जलद मेमरी) असलेला एएमडीचा रायझन ७ ७८००एक्स३डी पुरेसा होता. तो वीजही बरीच कमी घेतो. मात्र माझा कॅमेरा एच.२६५ या व्हिडिओ प्रकारात १०-बिट ४:२:२, म्हणजे रंगांचा जास्त तपशील राखणारे, चित्रण करतो. माझ्याकडचे आरटीएक्स ४० मालिकेतील ग्राफिक्स कार्ड हे स्वरूप हार्डवेअरवर उलगडू शकत नाही, तर इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समधील क्विक सिंक या व्हिडिओसाठीच्या सोयीला ते जमते. दुकानदार मात्र “साहेब, कार्ड आहे ना तुमच्याकडे? मग केएफ घ्या, पैसे वाचतील,” असा आग्रह धरत होता. केएफमध्ये अंगभूत ग्राफिक्सच नसते, त्यामुळे क्विक सिंकही मिळत नाही, आणि एडिटिंग करणाऱ्याला अशी बचत परवडत नाही. मी के प्रकारावर ठाम राहिल्यावर त्याने गोदामातून खोके मागवले.

मदरबोर्ड आणि कूलरही तिथेच घेतल्यामुळे दुकानाने जोडणी मोफत करून दिली. त्या मोफत जोडणीतच सगळी मेख होती. कारागिराने आतल्या टेबलावर खोके उघडले, चिप सॉकेटमध्ये बसवली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावली आणि कूलर आवळून बोर्ड माझ्यापुढे आणला. प्रोसेसरचा बॅच क्रमांक त्याच्या धातूच्या झाकणावर कोरलेला असतो, आणि ते झाकण आता पेस्ट व कूलरखाली गेले होते. त्यानंतर प्रोसेसरची माहिती देणाऱ्या सीपीयू-झेड या प्रोग्रामात नाव दाखवले गेले, ८ परफॉर्मन्स आणि १६ एफिशियन्सी मिळून २४ कोअर व ३२ थ्रेड दिसले, सिनेबेंच या वेगचाचणीची एक फेरीही सुरळीत पार पडली. स्वस्त चिपवर महाग मॉडेलचे नाव कोरून विकणारा या चाचणीत सापडतो. खऱ्या मॉडेलचीच पण वापरलेली चिप विकणारा सापडत नाही.

घरी आल्यावर काही गेम सुरू होतानाच, शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असताना, व्हिडिओ मेमरी अपुरी असल्याचा संदेश देऊन बंद पडू लागले. संदेश वाचून कोणीही ग्राफिक्स कार्डलाच दोष देईल. परंतु मोठ्या संकुचित फायली उलगडतानाही चुका येत होत्या आणि ग्राफिक्स ड्रायव्हरचा इन्स्टॉलरही मध्येच थांबत होता. रॅम बदलून आणि एक्सएमपी (रॅम वाढीव गतीने चालवणारी सेटिंग) बंद करून काहीच फरक पडला नाही. परफॉर्मन्स कोअरची गती ५.३ गिगाहर्ट्झपर्यंत उतरवली तेव्हा मात्र सगळे शांत झाले.

ही लक्षणे अनोळखी नाहीत. चुकीच्या मायक्रोकोडमुळे (प्रोसेसरच्या आतल्या नियंत्रक प्रोग्राममुळे) १३व्या आणि १४व्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून ते अस्थिर होतात, हे इंटेलने २०२४ मध्ये जाहीर केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ हा दुरुस्त मायक्रोकोड आला आणि बॉक्स पॅक प्रोसेसरची वॉरंटी ३ वर्षांवरून ५ वर्षे झाली. मात्र आधीच झिजलेली चिप या अपडेटने बरी होत नाही, हेही कंपनीने स्पष्ट केले होते. माझ्या बोर्डवर हा दुरुस्त मायक्रोकोड असलेला नवा बायॉस (मदरबोर्डचे मूळ सॉफ्टवेअर) पहिल्या दिवसापासून होता. तरीही दोष दिसत असेल तर झीज त्यापूर्वीची असणार, असा माझा तर्क होता.

कूलर काढून झाकण पुसल्यावर कोरलेला बॅच क्रमांक खोक्यावरील लेबलशी जुळला नाही. झाकणाच्या खाचेत वाळलेली करडी पेस्ट होती, तर कारागिराने लावलेली पेस्ट पांढरी होती. खालच्या सोनेरी बिंदूंवर सॉकेटच्या पिनांचे ठसेही होते, परंतु कारखान्यातील चाचणीतही फिके ठसे उमटू शकतात, म्हणून त्यांना मी पुरावा मानत नाही. वॉरंटीसाठी चिपवरील क्रमांक तपासला, तेव्हा ती ट्रे पीस निघाली. असे प्रोसेसर संगणक जोडणाऱ्यांना खोक्याविना पुरवले जातात आणि त्यांच्या वॉरंटीसाठी विक्रेत्याकडेच जावे लागते. म्हणजे माझ्याकडे वॉरंटी होती ती खोक्याची, चिपची नव्हे.

दुकानदाराचे उत्तर तयारच होते: “चिप तुम्हीच बदलली असेल, आमच्या बिलावर खोक्याचाच नंबर आहे.” नंतर त्याने वरचे पैसे घेऊन दुसरी चिप देण्याची तयारी दाखवली, पण बदलून देत असल्याचे लिहून द्यायला नकार दिला. मी ती घेतली नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवूनही दुकानाने दाद दिली नाही, तेव्हा जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, त्यामुळे मुंबईच्या खेपा वाचल्या. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे.

आपल्यापुढे कोणी प्रोसेसर बसवून देत असेल, तर पेस्ट लावण्यापूर्वी झाकणाचा आणि लेबलचा एकाच चौकटीत फोटो घ्यावा आणि चिपवरील क्रमांक बिलावर लिहून घ्यावा. दुकानदार घाई करू लागला तर बोर्ड आणि खोके वेगवेगळे घेऊन निघावे; जोडणी कुठेही होते. माझ्याकडे तसा फोटो नाही. मात्र बिलाच्या शेवटच्या ओळीत दुकानदारानेच ‘प्रोसेसर व कूलर फिटिंग – विनामूल्य’ असे लिहिले आहे, आणि ती चिप दुकानातच बसवली गेली हे दाखवण्यासाठी माझ्या वकिलांनी तक्रारीसोबत तेच बिल पहिल्या क्रमांकावर जोडले आहे.