भिंतीतल्या पाइपांचे चौदा महिने: सीपीव्हीसी, टेप, सफेदा आणि सिलिकॉन वापरून आलेला अनुभव

मागच्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या सोलापूरच्या घरातली खालची बाथरूम फोडली, तेव्हा भिंतीतून निघालेला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा एक वीतभर तुकडा मी अजून ठेवलाय. घर १९८६ सालचं, पाइपही तेव्हाचेच. अर्धा इंची पाइपात आता शिसपेन्सिल जेमतेम शिरते. बाहेरून तांबूस गंज, आत पिवळट पांढऱ्या क्षारांचे थरावर थर. बाबा वर्षानुवर्षं म्हणायचे, "टाकी उंच बांधायला हवी होती, शॉवरला जोरच नाही." टाकीचा काही दोष नव्हता. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब (दर चौरस सेंटिमीटरला) मिळतो, आमची टाकी बाथरूमच्या नळापासून सात मीटर वर आहे, म्हणजे पाऊण किलोच्या आसपास. तेवढा साध्या शॉवरला चालून जातो. वाटच बुजली होती.

आमच्याकडे उजनी धरणाचं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, मधले दिवस बोअरवर. बोअरचं पाणी तपासून घेतलं तर कठीणपणा लिटरला ५४० मिलिग्रॅम निघाला. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी २०० ही मर्यादा आहे, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. अशा पाण्याच्या गावात पुन्हा जीआय भिंतीत गाडायचा नाही, हे तिथेच ठरलं.

मग काय घ्यायचं? पांढरा यूपीव्हीसी स्वस्त, पण गरम पाण्याला चालत नाही. हिरवा पीपीआर मला मनापासून आवडला होता, कारण त्यात चिकटवणं नसतं. साधारण २६० अंशांच्या मशिनवर पाइप आणि फिटिंग दोन्ही वितळवून एकजीव करतात. पण आमच्या भागात ते मशिन हातात बसलेला माणूस मिळेना, आणि उद्या एक टी (तीन तोंडांचा सांधा) बदलायची झाली तरी पुन्हा त्याच माणसाची वाट बघावी लागली असती. म्हणून क्रीम रंगाचा सीपीव्हीसी घेतला. हे पीव्हीसीच, फक्त त्यात क्लोरीन वाढवलेलं असतं, त्यामुळे ८२ अंशांपर्यंतचं पाणी सोसतं.

दुकानात एक गोष्ट मात्र नक्की बघा. पाइपावर एसडीआर ११ किंवा एसडीआर १३.५ छापलेलं असतं. हा आकडा म्हणजे बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी, त्यामुळे आकडा लहान तितका पाइप जाड. पाऊण इंची पाइपाचा बाहेरचा व्यास २२.२ मिमी, ११ मध्ये त्याची जाडी सुमारे २ मिमी येते, १३.५ मध्ये १.६५ च्या आसपास. एसडीआर ११ चा पाइप २३ अंशांना २८ किलो दाब घेतो, पण ८२ अंशांना तोच ७ किलोवर येतो. थंड आणि गरम अशा दोन्ही लाइनींना मी ११ च घेतला. दोघांतला किमतीचा फरक एका टाइल्सच्या खोक्याएवढाही पडला नाही.

चौदा महिन्यांत पाइप कुठेही फुटला नाही, गळला नाही. जे काही झालं ते सांध्यांवर झालं, आणि तेही जिथे प्लॅस्टिक आणि पितळ एकमेकांना भेटतात तिथेच.

खालच्या बाथरूमचं काम ठेकेदाराच्या फिटरने केलं. हात भरभर चालायचा त्याचा. जूनमध्ये बेसिनच्या मागच्या खोलीत, जमिनीपासून दोन फुटांवर, ताटाएवढी ओल दिसली. आधी वाटलं पाऊस. पण पावसाच्या दोनच सरी पडल्या होत्या आणि ती भिंत आतली. आठवड्याभरात रंगाचे पोपडे सुटले, खाली पांढरी भुकटी जमायला लागली. टाइल फोडली. बेसिनच्या अँगल कॉकसाठी (भिंतीतून निघणारा छोटा बंद-चालू नळ) लावलेला एल्बो (काटकोनी सांधा) नुसत्या प्लॅस्टिकच्या आट्यांचा होता. त्याच्या तोंडापासून मागे, केसासारखी बारीक, सरळ चीर. बोटाला जाणवत नव्हती. कोरड्या टिश्यूने पुसलं की दहा सेकंदांत तिच्यावर ओळीने थेंब उभे राहायचे. आट्यांत ताग आणि सफेदा गच्च भरलेला.

आमच्या गल्लीतले जुने प्लंबर मामा आले. त्यांनी तो एल्बो कापून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ताई, लोखंडाचं औषध प्लॅस्टिकला दिलंय हे." मग समजावून सांगितलं. आट्यांत भरण जास्त झालं आणि वरून पाइप पान्ह्याने आवळलं, की आतलं पितळ पाचरीसारखं बाहेरच्या प्लॅस्टिकला फाकवतं. लोखंड ते सोसतं. प्लॅस्टिक त्या दिवशी सोसतं, पण ताण तसाच राहतो. त्यात सफेदा म्हणजे तेलात कालवलेला रंग. ताणाखाली असलेल्या सीपीव्हीसीला बरीचशी तेलं चालत नाहीत, त्यांच्यामुळे बारीक चिरा पडतात. म्हणूनच सीपीव्हीसीच्या आट्यांना फक्त टेफ्लॉन टेप लावायची असते. शिवाय जुन्या पद्धतीच्या सफेद्यात शिसं असायचं, त्यामुळे पिण्याच्या लाइनीवर तर तो नकोच.

मामांनी तिथे पितळी आटे आत बसवलेला एल्बो लावला. अँगल कॉक, बिब कॉक (साधा नळ), मिक्सर (गरम-थंड पाण्याचा एकत्र नळ), जिथे जिथे धातूचं काही लागणार तिथे हेच घ्या. साध्यापेक्षा ते बरेच महाग असतात, पण एका बाथरूमला लागतात सात-आठच. माझ्या मते सगळ्या प्लंबिंगमध्ये पैसे खर्च करायची पहिली जागा हीच.

टेपबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण वीस-तीस रुपयांच्या या रिळावर सगळा खेळ आहे आणि ती बहुतेक ठिकाणी चुकीची गुंडाळलेली मी पाहिलीय. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरायचं आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायचं. उलट गुंडाळली तर नळ फिरवताना टेप सुटत जाऊन बाहेर गोळा होते. तोंडाचा पहिला आटा मोकळा ठेवायचा, नाहीतर तिचे तुकडे पाण्याबरोबर जाऊन मिक्सरमध्ये अडकतात. ताणून धरायची, इतकी की खाली आट्यांची नक्षी उमटली पाहिजे. आपल्याकडे मिळणारी टेप पातळ असते, अर्धा इंचीला मामा आठ ते दहा वेढे देतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आवळून झाल्यावर मागे फिरवायचं नाही. नळाचं तोंड जरा तिरकं आलं म्हणून पाव फेरा उलटा दिला की आत बसलेली टेप फाटते. तोंड पुढे गेलं तर नळ पूर्ण काढायचा, जुनी टेप खरवडायची आणि नव्याने गुंडाळायची. मिक्सर बसवताना मामांनी हे तीनदा केलं. मी शेजारी उभी राहून बघत होते, एकदाही त्यांनी "चालतंय" म्हटलं नाही.

जिथे रबरी वायसर आहे तिथे टेप लावायची गरज नसते, हेही मला याच कामात कळलं. गिझरची किंवा बेसिनची जोडनळी अँगल कॉकवर बसते, तिथे पाणी अडवायचं काम वायसर करतो. आट्यांवर टेप चढवली तर उलट नट पूर्ण बसत नाही आणि वायसर दाबला जात नाही. आमच्या फ्लशच्या टाकीची जोडनळी चार महिने थेंब थेंब गळत होती. टेप काढून टाकली, वायसर नवा घातला आणि हाताने आवळून वर पान्ह्याचा पाव फेरा दिला. बंद झाली ती आजपर्यंत.

सफेदा-तागाला मी वाईट म्हणत नाहीये. अंगणातला उभा नळ आणि पालिकेच्या जोडणीनंतरचा उघडा तुकडा आम्ही जीआयचाच ठेवला, कारण तिथे ऊन आहे, सायकली टेकतात, बादल्या आदळतात. जीआय घेताना पट्टीचा रंग बघायचा: पिवळी हलकी, निळी मध्यम, लाल जड. आम्ही निळी घेतली. जीआयचे आटे खरखरीत कापलेले असतात, त्यांच्यावर टेप फाटते. ताग मात्र त्या खरखरीला धरून बसतो आणि पाणी लागलं की फुगून फटी भरतो. पण आमच्याकडे ही लाइन चार दिवस कोरडी असते. जुन्या सांध्यात ताग नुसताच भरला होता. पाणी आलं की पहिली वीस-पंचवीस मिनिटं सांधा गळायचा, मग ताग फुगला की आपोआप थांबायचा. बाबांना वाटायचं, बरा झाला. पण जो सांधा पाणी बाहेर सोडतो तो लाइन रिकामी असताना बाहेरची घाणही आत घेऊ शकतो, आणि आमचा तो सांधा गटाराच्या कडेलाच होता. मामांनी तो उघडून तारेच्या ब्रशने घासला, नव्याने ताग गुंडाळला आणि त्यावर पिण्याच्या पाण्याला चालणारी, न सुकणारी पेस्ट लावली. पेस्टमुळे ताग कोरडा पडून आकसत नाही. दहा महिने झाले, गळती नाही.

आता चिकटवायच्या सिमेंटबद्दल. डब्याला सगळे 'सोल्युशन'च म्हणतात, पण यूपीव्हीसीचं वेगळं आणि सीपीव्हीसीचं वेगळं असतं, एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं नाही. ते पाइप आणि फिटिंग यांचा पृष्ठभाग विरघळवून एकमेकांत मिसळवतं, नुसतं चिकटवत नाही. म्हणून पाइप काटकोनात कापला पाहिजे, कडेची भुकटी खरवडली पाहिजे. कोरडा घालून बघितला तर फिटिंगमध्ये तिसऱ्या हिश्श्यापासून दोन तृतीयांशापर्यंत जाऊन अडला पाहिजे. सहज तळाला टेकला तर ती जोडी घ्यायची नाही. सिमेंट लावून पाव फेरा देत दाबायचा आणि अर्धा मिनिट धरून ठेवायचा, कारण सोडला तर तो हळूच मागे सरकतो. नंतर मामांकडे दिलेलं स्वयंपाकघराचं काम आम्ही सकाळी सात ते दहा या वेळात उरकायचो. दुपारच्या उकाड्यात ब्रशवरच सिमेंटला साय धरते. ठेकेदाराचा माणूस ठेवून गेलेला डबा मामांनी उघडला, तर आत जेली झाली होती. त्यात थिनर घालून पातळ करतात काही जण. मामांनी तो सरळ फेकला.

गच्चीवर सीपीव्हीसी नेताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे ऊन: पाण्यात मिसळणारा पांढरा ॲक्रिलिक रंग दोन हात मारला, ऑइल पेंट नाही. दुसरं फुगणं. तापमानात चाळीस अंशांचा फरक पडला तर तीन मीटरचा पाइप सुमारे सात मिलिमीटर वाढतो, जीआय जेमतेम दीड. आमचे क्लॅम्प आधी गच्च आवळले होते, एप्रिलमध्ये मधला पाइप धनुष्यासारखा वाकला. क्लॅम्प सैल केले आणि वळणाजवळचा एक काढून टाकला, तेव्हा सरळ झाला. यंदाच्या उन्हाळ्यात सरकताना दिसतो, वाकत नाही. सोलर वॉटर हीटरच्या टाकीतून निघणारा पहिला मीटरभर तुकडा मात्र धातूचाच ठेवा. दोन दिवस गरम पाणी वापरलं नाही तर मे महिन्यात तिथलं तापमान सीपीव्हीसीच्या मर्यादेबाहेर जाऊ शकतं. गिझरलाही पाइप थेट जोडलेला नाही, मधे धातूची जोडनळी आहे.

सिलिकॉनमध्ये माझी स्वतःची चूक झाली. बाथरूमच्या उंबऱ्याला शहाबादी फरशी आहे, ती आणि टाइल यांच्यामधली फट मी दुकानात मिळालेल्या साध्या सिलिकॉनने भरली. भरताना व्हिनेगरसारखा वास येत होता. तो ॲसेटिक ॲसिडचा. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड आणि आम्ल त्याला खातं. तीन महिन्यांत टाइलच्या बाजूने सिलिकॉन पक्कं होतं आणि फरशीच्या बाजूने नखाने उचलून पट्टीसारखं निघून आलं, खाली दगडावर फिकट रेघ. शहाबादी, कोटा, संगमरवर यांच्यासाठी न्यूट्रल सिलिकॉन मागायचं, त्याला तो वास नसतो. ओल्या जागी बुरशीरोधक लिहिलेलं घ्यायचं. दुसऱ्यांदा तेच भरलं, आधी फट दोन दिवस सुकवली. नऊ महिने झालेत, काळं पडलेलं नाही. एम-सीलसारखी मळून लावायची पुटी घरात असावी, रात्री-अपरात्री थेंब थांबवायला कामी येते. पण भिंतीत बुजवायच्या सांध्यावर ती लावू देऊ नका. तिथे सांधा कापून नवा करायचा.

आणि गिलावा करण्याआधी दाब तपासून घ्या, हे हात जोडून सांगते. बाथरूमच्या वेळी फिटरने नळ सोडून दाखवला आणि आम्ही मान डोलावली. स्वयंपाकघराच्या वेळी मामांनी चिकटवून झाल्यावर एक दिवस जाऊ दिला, मग हातपंप आणला, सगळ्या तोंडांना प्लग लावले, हवा काढली आणि सात किलो दाब दिला. वीस मिनिटांत काटा पाचवर आला. सिंकखालच्या एका प्लगवर थेंब होता. तो काढून, टेप नव्याने गुंडाळून पुन्हा दाब दिला. दोन तास काटा हलला नाही, तेव्हा कुठे गवंड्याला हाक मारली. त्याआधी मी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढले. मागच्या महिन्यात पाण्याच्या फिल्टरसाठी भोक पाडायचं होतं, तेव्हा ते फोटो उघडून पाइपापासून चार इंच बाजूला खूण केली.

वरची बाथरूम अजून जीआयवरच आहे. दिवाळीनंतर ती काढायची. मामांनी पितळी आट्यांच्या फिटिंगची यादी आत्ताच लिहून दिलीय, आणि खाली स्वतःच्या हाताने एक ओळ: "सफेदा आणू नये."