ब्रिथेनिग की वेनेडिक, आधी कुठली घ्यायची?

स्वतःची काल्पनिक भाषा बनवायचीये आणि त्याआधी कुणीतरी नीट बनवलेली एक भाषा आतून समजून घ्यायचीये, अशांसाठी हे लिहितेय. ब्रिथेनिग आणि वेनेडिक या अशाच दोन बनवलेल्या भाषा, दोघींची आयडिया एकच, लॅटिन भलत्याच मातीत रुजली असती तर काय झालं असतं. १९९६ मध्ये अँड्र्यू स्मिथ यांनी ब्रिथेनिग केली, त्यात ब्रिटनमधली लॅटिन वेल्श या तिथल्या भाषेच्या वळणानं जाते, आणि २००२ मध्ये यान व्हान स्टेनबर्गेन यांनी वेनेडिक, त्यात लॅटिनला पोलिशचे उच्चारबदल लागतात.

लॅटिनमध्ये जमिनीला टेरा म्हणतात. वेनेडिकमध्ये 'जमिनीवर' म्हणजे 'सुर चेझे', ट पुढच्या ए मुळे मऊ होऊन थेट च झाला. आर्टिकल (इंग्रजीतल्या the सारखं) नाहीच, नामाला विभक्ती लागतात, संबोधनसुद्धा आहे, म्हणजे घोडा-घोड्याला करत मोठं झालेल्या मराठी माणसाला घरच्यासारखं वाटतं. चमचातला च आणि चिमणीतला च वेगळा काढायची सवयही आपल्याला आहेच, फक्त पोलिश स्पेलिंगचा पहिले काही दिवस जाम वैताग येतो.

ब्रिथेनिगमध्ये मात्र शब्दाची सुरुवातच बदलते. तीच टेरा इथे 'तेर', पण आर्टिकल लागलं की 'ल्ला देर', त चा द. आपल्याकडे बदल शब्दाच्या शेपटीला होतो म्हणून हे आधी फार विचित्र वाटतं. मी सदाशिव पेठेत नववी-दहावीच्या मुलांना संस्कृत शिकवते, एकदा फळ्यावर जगत् + ईश = जगदीश लिहिलं आणि शेजारी 'तेर, ल्ला देर', तर मागच्या बाकावरची मुलगी लगेच म्हणाली, मॅडम हे जश्त्वच आहे की! जश्त्व म्हणजे संधीत कठोर व्यंजनाचं मृदू होणं. अगदी तसंच नाही, संस्कृतात पहिल्या शब्दाचा शेवट बदलतो आणि इथे दुसऱ्याची सुरुवात, पण त चा द ही चाल तीच. अवघड एवढंच की वेल्शसारखा इथेही बदल घडवणारा स्वर कधीकधी गळून गेलेला असतो, मग कुठल्या शब्दानंतर काय होतं ते पाठच करावं लागतं.

नुसतं वाचायची मजा हवी असेल तर वेनेडिक घ्या, लवकर जमेल. पण स्वतःची भाषा बनवायची असेल तर माझं मत ब्रिथेनिग, कारण एक छोटा उच्चारबदल हळूहळू व्याकरणाचा नियम कसा होतो ते तिच्यात स्पष्ट दिसतं, आणि हस्त-हत्थ-हात, दुग्ध-दुद्ध-दूध या आपल्या संस्कृत-प्राकृत-मराठी साखळीवर असलं काही करून बघायचं असेल तर नेमकं तेच लागणार आहे.