तेरुएलचे लग्न की ऑर्बिगोचा पूल?

स्पेनमध्ये गाडी भाड्याने घेऊन जोडीने आठ-दहा दिवस भटकायचे आणि त्यात एखाद्या गावाचा मध्ययुगीन उत्सव गाठायचा, असा बेत असेल तर दोन ठिकाणे विचारात घेण्यासारखी आहेत. आरागॉनमधल्या तेरुएल येथे फेब्रुवारीत ‘इसाबेलचे लग्न’ साजरे होते, तर लेओनजवळच्या ओस्पिताल दे ऑर्बिगो या छोट्या गावात जूनच्या सुरुवातीच्या शनिवार-रविवारी भालाधारी घोडेस्वारांच्या झुंजी रंगतात. दोन्हींच्या मुळाशी प्रेमकथाच आहे. मात्र एक करुण आहे आणि दुसरी, खरे सांगायचे तर, बरीचशी बढाईखोर.

तेरुएलची कथा 1217 सालची मानतात. इसाबेल दे सेगुराशी लग्न व्हावे म्हणून दिएगो पाच वर्षांची मुदत घेऊन पैसा कमवायला गेला आणि परतला तेव्हा तिचे लग्न दुसऱ्याशी लागले होते. त्याने मागितलेले चुंबन तिने नाकारले, तेव्हा तो जागीच गतप्राण झाला. अंत्यविधीच्या वेळी तेच चुंबन त्याच्या कलेवराला देताना तिनेही प्राण सोडला. 1997 पासून हे प्रसंग गावच्या चौकांत आणि गल्ल्यांत नाट्यरूपाने उभे राहतात. नागरिक जुन्या वेशात वावरतात, तंबू ठोकतात, शेकोट्या पेटवतात, आणि पाहुणा प्रेक्षक न राहता वऱ्हाडी होऊन जातो. गर्दीतून वेळ काढून हुआन दे आवालोस यांनी घडवलेल्या समाधीशिल्पापाशी अवश्य थांबावे: संगमरवरासारख्या अलाबास्टर दगडातले दोन हात एकमेकांकडे झेपावले आहेत, पण त्यांची बोटे काही भिडत नाहीत.

ऑर्बिगोचा प्रसंग मात्र इतिहासात नोंदलेला आहे. सुएरो दे किन्योनेस हा सरदार प्रेमाच्या बंदिवासाची खूण म्हणून दर गुरुवारी गळ्यात लोखंडी कडे घालत असे. त्यातून सुटण्यासाठी, वाटेने येणाऱ्या स्वारांशी झुंजून तीनशे भाले मोडण्याचा पण करून 1434 मध्ये त्याने नऊ साथीदारांसह गावाजवळचा ऑर्बिगो नदीवरचा पूल सुमारे महिनाभर अडवला. तीनशेचा आकडा गाठला गेला नाही, एका आरागॉनी स्वाराचा जीवही गेला, तरी पंचांनी पण पुरा झाल्याचे मानले. वरच्या बाजूला धरण झाल्यापासून नदी थोड्याच कमानींखालून वाहते आणि लांबलचक पुलाचा बराच भाग कोरड्या जमिनीवर उभा आहे. झुंजी त्याच्या शेजारच्या मैदानात होतात. घोड्यांच्या टापा आणि भाल्यांचा कडकडाट ऐकायला मजा येते, पण इथे आपण शेवटी प्रेक्षकच असतो.

रस्त्याचा विचार केला तर पारडे फिरते. तेरुएल समुद्रसपाटीपासून सुमारे 915 मीटर उंचीवर आहे. वालेन्सियाहून जेमतेम दीड तासाचा चांगला महामार्ग असला, तरी फेब्रुवारीत थंडी कडाक्याची असते, साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि जवळच्या आल्बारासिनच्या वळणदार रस्त्यावर बर्फ भेटू शकतो. आयुष्यात प्रथमच रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवणाऱ्याने हे धाडस टाळावे. जूनमध्ये लेओनकडे रात्री दहापर्यंत उजेड राहतो, माद्रिदहून येणारा रस्ता बहुतांशी सरळ पठारावरून जातो, आणि वाटेत तोर्देसियासला थांबता येते. गाडी बहुधा हाताने गिअर टाकायचीच मिळते. ऑटोमॅटिक हवी असल्यास आधीच मागून ठेवावी आणि निघण्यापूर्वी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा.

उत्सव हेच प्रवासाचे कारण असेल तर आमचा कौल निःसंशय तेरुएलला आहे. मुक्कामाची खोली मात्र काही महिने आधी धरावी, कारण शहर लहान आहे आणि त्या दिवसांत ते भरून वाहते. गाडी चालवण्याची हौस मोठी आणि उत्सव निमित्तमात्र असेल, तर ऑर्बिगो गाठून मुक्काम जवळच्या आस्तोर्गात करावा. तिथे वास्तुविशारद गौदीने आराखडा केलेला बिशपचा राजवाडा आहे, आणि ‘कोसिदो मारागातो’ हे जेवण उलट्या क्रमाने वाढतात: आधी मांस, मग चणे-भाजी आणि सर्वांत शेवटी सूप. शाकाहारी जोडप्याने आदल्या रात्रीच बाजारातून फळे, पाव आणि चीज घेऊन ठेवावे.