आरबी६७ पाठीवर घेऊन : बॅगेचा काही महिन्यांचा अनुभव

कॅमेऱ्याच्या बॅगेवर लिटरचा आकडा ठळक छापलेला असतो. मीडियम फॉरमॅटवाल्याला, म्हणजे ३५ मिमीहून मोठ्या फिल्मचा किंवा सेन्सरचा कॅमेरा वापरणाऱ्याला, त्या आकड्याचा फारसा उपयोग नाही. तीस लिटरच्या बॅगेतही मामिया आरबी६७ हा माझा फिल्म कॅमेरा नीट बसत नाही आणि वीस लिटरच्या बॅगेत दोन लेन्ससकट आरामात बसतो, हे मी स्वतः सामान भरून पाहिलं आहे. फरक पडतो तो आतल्या खोलीमुळे. खोली म्हणजे बॅग पालथी ठेवून उघडल्यावर अस्तरापासून चेनच्या कडेपर्यंतचं अंतर. हे माप जाहिरातीत शोधावं लागतं आणि बरेचदा फक्त बाहेरचंच दिलेलं असतं. त्यातून गादीची जाडी दोन्ही बाजूंनी वजा करायला विसरू नका.

आरबी६७ लेन्स आणि फिल्म बॅक (मागे जोडायचा, रोल भरलेला डबा) लावून २० सेंटिमीटरच्या पुढे लांब भरतो. फाइंडर मिटलेला असताना उंची १४ सेंटिमीटरच्या आसपास. ३५ मिमी आणि फुल फ्रेम कॅमेरे डोळ्यांसमोर ठेवून शिवलेल्या बहुतेक बॅगा आतून १२-१३ सेंटिमीटर खोल असतात. तेव्हा दुकानदार सुचवतो, "आडवा ठेवा की." आडवा ठेवला तर तो मावतो, हे खरं. पण आरबीच्या दोन्ही कुशींना फोकसच्या खुंट्या आहेत आणि उजवीकडे शटर कॉक करायचा, म्हणजे पुढच्या फोटोसाठी ताणायचा, भलामोठा दांडा. कुशीवर झोपवलेल्या कॅमेऱ्याचं अडीच किलोंहून जास्त वजन मग त्या खुंटीवर किंवा दांड्यावर येतं, आणि खडबडीत वाटेवर पावलागणिक तिथेच हिसका बसतो. हा कॅमेरा तळावरच उभा राहायला हवा. त्यासाठी आतून निदान १५ सेंटिमीटर खोली लागते. मी घेतलेली बॅग १६ सेंटिमीटरची आहे.

बॅगेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दर एक-दोन वर्षांनी मॉडेल बदलतात, मापं तीच राहतात. प्रकार सांगतो : पाठीच्या बाजूने उघडणारी सॅक, आत काढता-घालता येणारा गादीचा खोका, वर एक मोकळा कप्पा, कंबरपट्टा. मोकळ्या बॅगेचंच वजन दोन किलोंच्या घरात. त्यात बॉडी, ९० आणि १८० मिमीच्या लेन्स, जादा फिल्म बॅक, स्पॉट मीटर, केबल रिलीज आणि रोल. वर ट्रायपॉड आणि पाणी. सगळं मिळून १० किलोंच्या आसपास जातं.

पाठीकडून उघडणं हा प्रकार घेण्याआधी मला केवळ चोरांपासून संरक्षण वाटायचा. वापरताना त्याचा खरा फायदा चिखलात कळला. समोरून उघडणारी बॅग काढायची तर पाठीची गादी आणि पट्टे जमिनीला टेकवावे लागतात, आणि मग तीच ओली, मातकट गादी परत शर्टावर. ही बॅग पालथी पडते. बाहेरचं जाड कापड चिखलात जातं, पट्टे वर कोरडे राहतात. पाऊस चालू असेल तर रेनकव्हर काढायचीही गरज नाही, कारण ते बाहेरच्या अंगावरच असतं आणि उघडायची बाजू मोकळी. उघडलेलं झाकण वाऱ्याच्या दिशेला उभं धरलं की रोल बदलताना थोडा आडोसाही मिळतो.

रोल बदलणं हा मीडियम फॉरमॅटमधला सगळ्यात वेळखाऊ भाग, आणि बॅगेचा कस तिथेच लागतो. ६×७ सेंटिमीटरच्या फ्रेममध्ये १२० च्या (मीडियम फॉरमॅटच्या फिल्मच्या) एका रोलवर १० फोटो येतात. म्हणजे दर दहा क्लिकनंतर बॅग उघडणं आलंच. दुसरी बॅक भरून ठेवली असेल तर हे काम जरा हलकं होतं : डार्क स्लाइड (फिल्मवर उजेड पडू न देणारी पट्टी) आत, पहिली बॅक निघाली, दुसरी बसली, डार्क स्लाइड बाहेर. आता ती बाहेर काढलेली पातळ पत्र्याची पट्टी ठेवायची कुठे? खिशात वाकते, दातात धरली तर बोलता येत नाही, दगडावर ठेवली तर उठताना तिथेच राहते. झाकणाच्या आतल्या बाजूला जाळीचा चपटा कप्पा असतो, खरं तर मेमरी कार्डांसाठी. माझ्या डार्क स्लाइड आता तिथे राहतात. बॅग निवडताना असा एक चपटा, हात घातल्याबरोबर सापडणारा कप्पा आहे का ते जरूर बघा. बॅगेच्या वर्णनात याचा उल्लेख नसतो, म्हणून विशेष सांगतो.

रोलांसाठी दोन वेगळ्या जागा हव्यात, एक कोऱ्या रोलांची आणि एक वापरलेल्यांची. १२० चा रोल ३५ मिमीसारखा डबीत बंद नसतो. पाठीला कागद लावून गुंडाळलेली फिल्म आणि शेवटी गोंदाची पट्टी, एवढंच. कोडॅकनं हा रोल १९०१ मध्ये ब्राउनी कॅमेऱ्यासाठी काढला आणि मूळ रचना अजून तीच आहे. गुंडाळी सैल राहिली की कडांतून उजेड शिरतो आणि निगेटिव्हच्या काठावर काळा पट्टा उमटतो. त्यामुळे वापरलेला रोल घट्ट ओढून, पट्टी चिकटवून, लगेच काळोख्या, चेनबंद खिशात जायला हवा. माझ्या बॅगेत कंबरपट्ट्यावर दोन खिसे आहेत : डाव्यात कोरे, उजव्यात वापरलेले. खिसा काळ्या कापडाचा हवा, जाळीचा नको. कंबरेवर हे खिसे असल्याने नुसता रोल बदलायचा असेल आणि कॅमेरा ट्रायपॉडवर असेल, तर बॅग पाठीवरून उतरवावीच लागत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी या बॅगेचे बरेच दोष पोटात घालायला तयार आहे.

आणि दोष आहेत. सगळ्यात मोठा पाठीच्या लांबीचा. ट्रेकिंगच्या चांगल्या सॅकमध्ये पाठीची लांबी आपल्या मापाने बदलता येते. माप घ्यायचं ते मान खाली वाकवल्यावर वर येणाऱ्या मणक्यापासून कंबरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत. फोटोच्या बॅगांमध्ये ही सोय क्वचित असते आणि बहुतेक बॅगा आखूड असतात. आखूड बॅगेचा कंबरपट्टा कंबरेच्या हाडावर न बसता पोटावर बसतो. मग पट्टा कितीही आवळा, वजन खांद्यावरच राहतं आणि वर श्वास घ्यायला त्रास. माझ्या बॅगेत हा पट्टा जेमतेम जागेवर येतो. पहिले काही आठवडे खांदे भरून यायचे. नंतर चढताना आधी कंबरपट्टा आवळायचा, मग खांद्याचे पट्टे दोन बोटं सैल सोडायचे, असा क्रम लावून घेतला आणि बरंच सुधारलं. पण माझ्याहून उंच माणसाला ही बॅग घे असं मी सांगणार नाही. दुकानात बघायची तर आपलं सगळं सामान भरून, किमान वीस मिनिटं अंगावर ठेवून बघा. रिकामी बॅग कोणालाही आवडते.

दुसरा दोष ट्रायपॉडचा. बाजूच्या खिशात एक पाय घालून वरून पट्टा आवळायची सोय आहे. अडीच किलोंचा ट्रायपॉड एका अंगाला लटकला की चालताना कल जातो आणि तासाभरात त्या बाजूचा खांदा तक्रार करतो. मधोमध, बाहेरच्या अंगावर बांधला तर तोल सावरतो. पण मग बॅग पालथी घालताना ती ट्रायपॉडवरच पडते. प्रत्यक्षात हे फारसं आड येत नाही, कारण आरबी हातात धरून क्वचितच वापरला जातो आणि ट्रायपॉड आधी निघतोच. हातात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याने मात्र विचार करावा.

गादीच्या भिंतींबद्दल थोडं. आत वेल्क्रोने चिकटणाऱ्या पट्ट्या असतात, एकेक सेंटिमीटरभर जाडीच्या. सगळ्या वापरल्या तर त्यातच जागा संपते. मी निम्म्या काढून टाकल्या. दोन लेन्स एकमेकींवर ठेवायच्या नाहीत, बॉडीच्या दोन्ही अंगांना उभ्या ठेवायच्या. जड कॅमेरा पाठीला लागून, शक्य तितका खांद्याच्या पट्ट्यांच्या उंचीला. खाली ठेवला तर बॅग मागे ओढते. ज्या पट्टीवर कॅमेऱ्याचा भार येतो तिचा वेल्क्रो इतक्या महिन्यांत दमला आहे. लोकर निघून तिथे गुळगुळीत झालंय आणि उतारावर पट्टी हळूहळू खाली सरकते. तिच्याखाली दाट फोमचा तुकडा कापून बसवला, तेव्हापासून हललेली नाही. अशा जागी बोटाने दाबलं की लगेच चेपणारा मऊ स्पंज उपयोगाचा नाही. दाबून सोडल्यावर परत उभा राहणारा हवा. ही परीक्षा दुकानात अर्ध्या मिनिटात होते.

चेन अजून उत्तम चालते, धुळीत एकदोनदा अडकली ती ब्रशने साफ केल्यावर सुटली. खांद्याचा पट्टा जिथे बॅगेला शिवलेला आहे तिथली शिवण मी अधूनमधून तपासतो. चौकोनात फुली मारलेली शिवण असेल तर निर्धास्त राहावं. माझ्या बॅगेत ती आहे. छातीच्या पट्ट्याचं प्लास्टिकचं बक्कल मात्र तडकलं. बदलून मिळालं नाही, मीच दुसरं घालून घेतलं.

पावसाबद्दल गैरसमज नको. पाण्याला दाद न देणारी म्हणून विकलेली चेन भुरभुर थोपवते, धो धो पाऊस नाही. रेनकव्हरच्या तळाशी पाणी साठतं, त्याला बारीक भोक नसेल तर पाडून घ्या. घरी आल्यावर कॅमेरा बॅगेतून बाहेर काढा. ओलसर फोम दिवसेंदिवस दमट राहतो आणि लेन्सच्या बुरशीला ६० टक्क्यांवरचा दमटपणा पुरतो. मी बॅग उघडी करून उन्हात न ठेवता पंख्याखाली वाळवतो आणि कॅमेरा सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात ठेवतो. बॅग ही कॅमेऱ्याची कायमची राहायची जागा नव्हे.

विमानाने जाताना बाहेरच्या मापाने ही बॅग केबिनमध्ये चालून जाते, वजनाने नाही. ७ किलोंची मर्यादा जिथे काटेकोर आहे तिथे ट्रायपॉड चेक-इनमध्ये टाकतो आणि एक लेन्स जॅकेटच्या खिशात जाते. रोल मात्र हातातच. चेक-इनच्या सामानावर पडणारे किरण फिल्मसाठी फार तीव्र असतात, आणि केबिनच्या सामानासाठी आलेल्या नव्या सीटी स्कॅनरमधूनही फिल्म नेऊ नये असं कोडॅकचं सांगणं आहे. रोल खोक्यांतून काढून पारदर्शक पिशवीत वरच्या कप्प्यात ठेवतो आणि हाताने तपासायची विनंती करतो. वरचा कप्पा कॅमेऱ्याच्या खोक्यापासून वेगळा आहे, त्यामुळे रांगेत सगळं उसवत बसावं लागत नाही.

हे सगळं आरबीच्या हिशेबाने. हॅसलब्लाड ५०० सी/एम हा कॅमेरा ८० मिमी लेन्स आणि ए१२ फिल्म बॅकसह दीड किलोच्या आसपास, त्यामुळे त्याला एवढ्या मोठ्या सॅकची गरज नाही. तो डॉम्के एफ-२ सारख्या कॅनव्हासच्या खांद्याच्या बॅगेत छान बसतो, आणि वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराने स्वतःसाठी आखलेल्या त्या बॅगेत हातही चटकन जातो. दीड-दोन तासांपुरतं एका खांद्यावर ठीक आहे, दिवसभर नाही. मामिया ७ हा हलका मीडियम फॉरमॅट कॅमेरा वापरणारे तर आमच्याकडे बघून हसतातच. फुजीच्या जीएफएक्स १००एस या डिजिटल मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्याची बॉडी ९०० ग्रॅमची आहे, तिला फुल फ्रेमची कुठलीही बरी बॅग चालते, फक्त लेन्स जाड असल्याने मधल्या भिंती सरकवाव्या लागतात. गाडीतून उतरून पन्नास पावलांवर काम असेल तर पेलिकनची १५१० सारखी पेटी सरस. पण तीच रिकामी पाच किलोंहून जड आहे, चाकं चिखलात चालत नाहीत, आणि पायऱ्या आल्या की ती हातात उचलूनच न्यावी लागते.

पेंटॅक्स ६७ वाल्यांना एक सूचना : प्रिझम (वर बसवायचा फाइंडर) लावलेला असला की उंची वाढते, म्हणून माप प्रिझमसकट घ्या. लाकडी मूठ बाहेर येते तेवढी रुंदीही धरा. मग त्यात दोन सेंटिमीटर मिळवा आणि टेप घेऊनच दुकानात जा.