शाळेच्या ग्रंथालयासाठी काय घ्यावं: एक्सेल, कोहा की ई-ग्रंथालय?

तीन हजार पुस्तकं, अर्धवेळ ग्रंथपाल आणि संगणक कक्षातून काढलेला एक जुना संगणक. एवढ्यावर निवड करायची असेल, तर किमतीची चर्चा लगेच संपते. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पात्र सरकारी ग्रंथालयाला ई-ग्रंथालय हे तसंच सरकारी सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि एक्सेल नसेल तर त्याच्यासारखं फुकट लिब्रेऑफिस कॅल्क आहेच. खरा खर्च पुस्तकांच्या नोंदी संगणकात भरायला लागणाऱ्या वेळेचा. एका पुस्तकाला ३ मिनिटं धरली तरी ३,००० पुस्तकांचे १५० तास होतात. रोज एक ऑफ तास मिळाला, तरी शाळेचं बहुतेक वर्ष त्यातच जातं.

कोहा १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या होरोफेनुआच्या सार्वजनिक ग्रंथालयांसाठी तयार झालं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. देवघेव, शोध, दंड, बारकोड सगळं त्यात आहे, मराठीही नीट चालते. पण त्याला लिनक्सचा सर्व्हर लागतो. अपडेट, बॅकअप कोण बघणार? हौशी संगणक सर बदलून गेले की पासवर्डही त्यांच्याबरोबर जातो. कोहाचं एक कौतुक नेहमी ऐकू येतं: दुसऱ्या ग्रंथालयाच्या तयार नोंदी उतरवून घेता येतात. इंग्रजी पुस्तकांना याचा उपयोग होतो. तयार नोंद सहसा आयएसबीएनवरून, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या आंतरराष्ट्रीय क्रमांकावरून शोधतात. आपल्या कपाटातली निम्मी मराठी पुस्तकं आयएसबीएन नसलेली, त्यांच्या नोंदी हातानेच कराव्या लागतात. एकाच संस्थेच्या आठ-दहा शाळा असतील, सर्व्हर एक आणि त्याला बघणारा पगारी माणूस असेल, तर मात्र कोहाच घ्या.

ई-ग्रंथालय राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं, म्हणजे एनआयसीचं. ४.० ही आवृत्ती क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून चालते, त्यामुळे सर्व्हरची डोकेदुखी नाही. ते मुळात सरकारी ग्रंथालयांसाठी आहे, म्हणून खाजगी अनुदानित शाळेने आधी पात्रता विचारून घ्यावी. आणि मधल्या सुट्टीत तीस मुलं रांगेत असताना नेट गेलं तर वही उघडावीच लागते.

राहिलं एक्सेल. त्यात देवघेव सांभाळणं अवघड, ती वहीतच ठेवावी. पण दाखल नोंदवही, म्हणजे ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमवार नोंद असलेली वही, उतरवायला ते पुरेसं आहे. घोळ होतो तो लिहिण्यात. ‘पु.ल.देशपांडे’, ‘पु. ल. देशपांडे’, ‘देशपांडे पु. ल.’ असं तीन तऱ्हांनी भरलं की एका शोधात सगळी पुस्तकं सापडत नाहीत. आडनाव आधी की नंतर, हे पहिल्याच दिवशी ठरवा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करू नका. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर सगळी अगम्य चिन्हं दिसतात. कुठल्याही संगणकावर वाचता येणारं युनिकोडच वापरा.

बारकोड स्कॅनरची घाई नको. तो कीबोर्डसारखा आकडे टाइप करतो, एवढंच. नोंदीच अपुऱ्या असतील तर शोधणार काय?

एकट्या शाळेला मी एक्सेलच सुचवेन: दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष, किंमत, कपाट, प्रत्येकाला स्वतंत्र रकाना. पुढे कोहा घ्यायचं ठरलं तर हीच फाइल मार्कएडिट या प्रोग्राममधून कोहाला चालणाऱ्या स्वरूपात रूपांतरित करून आत घालता येते. मूळ नोंदवही टाकू नका, पडताळणीला तीच मागतात.